छोट्या डीव्हीडीवरचं शूटिंग एडिटिंगसाठी उतरवायचं तर: मेकएमकेव्ही, शॉटकट, हँडब्रेक आणि इतरांची पारख

निकाल आधीच सांगून टाकू. सोनीच्या डीसीआर-डीव्हीडी, पॅनासॉनिकच्या व्हीडीआर, कॅननच्या डीसी किंवा हिताचीच्या डीझेड मालिकेतल्या कॅमेऱ्याने आठ सेंटिमीटरच्या डिस्कवर शूट केलेलं कॉम्प्युटरवर आणून एडिट करायचं असेल, तर मेकएमकेव्हीने डिस्कमधून काढा, एमकेव्हीटूलनिक्सने शॉट सुटे करा आणि शॉटकटमध्ये जोडा. या कामापुरते तिन्ही फुकट आहेत. हँडब्रेक चांगलाच आहे, पण त्याची पाळी सगळ्यात शेवटी, घरच्या ग्रुपवर पाठवायची फाइल बनवताना.

बहुतेक लोक नेमकं उलट करतात. डिस्कवरची व्हिडिओ फाइल (व्हीओबी) एडिटरमध्ये जात नाही म्हणून आधी हँडब्रेकने एमपी४ करतात आणि मग ती एडिट करतात. या डिस्कवरचं चित्र मुळातच एमपीईजी-२ मध्ये दाबलेलं असतं. हँडब्रेक ते उलगडून पुन्हा एच.२६४ मध्ये दाबतो आणि एडिटर एक्सपोर्ट करताना तिसऱ्यांदा दाबतो. मुंजीच्या मांडवातल्या अर्ध्या उजेडातलं शूटिंग आधीच दाणेदार असतं. तीनदा दाबल्यावर चेहऱ्यांवर चौकोनी ठोकळे दिसणारच.

डिस्कमध्ये नेमकं काय असतं

एका बाजूची एक थराची छोटी डिस्क १.४ जीबीची. कॅमेरा उत्तम दर्जावर ठेवला असेल तर तीत सुमारे २० मिनिटं मावतात, मधल्या दर्जावर ३० आणि लाँग प्लेवर ६०. चित्र ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, इंटरलेस्ड (प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्यांत, म्हणजे फील्डमध्ये, विभागलेली). म्हणजे आपल्याकडची टीव्ही पद्धत, पाल. आवाज बहुधा डॉल्बी डिजिटल, ४८ किलोहर्ट्‌झ.

डिस्क उघडल्यावर पहिल्यांदा फोल्डरचं नाव बघा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. ‘व्हिडिओ टीएस’ नावाचं फोल्डर असेल तर डिस्क साध्या डीव्हीडी-व्हिडिओ पद्धतीची आहे. आत व्हीओबी, आयएफओ आणि बीयूपी फाइली दिसतील. ‘डीव्हीडी आरटीएव्ही’ असं फोल्डर असेल तर ती व्हीआर पद्धतीची. तिथे व्हीआरओ नावाची एकच मोठी फाइल आणि जोडीला एक छोटी आयएफओ असते. ‘बीडीएमव्ही’ दिसलं तर डिस्क एव्हीसीएचडी या हाय डेफिनिशन पद्धतीची.

काहीच दिसलं नाही, तर डिस्क फायनलाइज झालेली नाही, म्हणजे इतर यंत्रांना वाचता येईल अशी बंद केलेली नाही. ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते आणि इथेच सगळ्यात मोठं नुकसान होतं. विंडोजला ती डिस्क कोरी वाटते आणि एक खिडकी उघडते: ही डिस्क यूएसबीसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी? तिथे ‘नेक्स्ट’ दाबलं आणि डिस्क आरडब्ल्यू किंवा रॅम प्रकारची असली, की फॉरमॅट सुरू. ‘कॅन्सल’ दाबा, डिस्क बाहेर काढा आणि ज्या कॅमेऱ्यात शूट केली त्याच कॅमेऱ्यात परत घाला. मेनूतून ‘फायनलाइज’ निवडताना कॅमेरा बॅटरीवर ठेवू नका, अडॅप्टर लावा. काम सुरू असताना तो हलवू नका, झाकण उघडू नका. डिस्क अर्धवट भरलेली असली तर उरलेली जागा भरावी लागते म्हणून वेळ उलट जास्त लागतो. कॅमेरा अडकला असं समजून बंद करू नका.

कॅमेराच मेला असेल तर दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा ती डिस्क सहसा ओळखत नाही. मग आयसोबस्टर. फायनलाइज न झालेल्या डिस्कवरचे ट्रॅक तो वाचतो आणि आत काय आहे ते फुकटात दाखवतो. यूडीएफ या डिस्कवरच्या फाइल-रचनेतून फाइल बाहेर काढायची तर मात्र परवाना विकत घ्यावा लागतो. आधी फुकट आवृत्तीत यादी दिसते का बघा, मगच पैसे भरा.

ड्राइव्ह

नुसती फट असलेल्या ड्राइव्हमध्ये, म्हणजे जुन्या मॅकबुक आणि आयमॅकमध्ये असायची तशा, छोटी डिस्क कधीही घालू नका. आत गेलेली बाहेर येत नाही. ट्रे बाहेर येणारा ड्राइव्ह घ्या. ट्रेच्या मधोमध छोट्या डिस्कसाठी वेगळा खळगा असतो. डेस्कटॉपचा ड्राइव्ह उभा बसवला असेल तर डिस्क खळग्यातून घसरते, कॅबिनेट आडवं करा. सगळ्यात बिनघोर म्हणजे मधल्या दांड्यावर डिस्क टक्‌ करून बसते तो लॅपटॉपसारखा यूएसबी ड्राइव्ह. तो थेट पोर्टला लावा. हबला लावला की वीज कमी पडते, डिस्क फिरायला लागते आणि मध्येच थांबते, आणि लोक उगाच डिस्कला दोष देत बसतात.

डीव्हीडी-रॅम प्रकारच्या डिस्कसाठी ड्राइव्हवर ‘रॅम’ हा शब्द असलेला शिक्का शोधा. सगळे ड्राइव्ह ती वाचत नाहीत. डिस्क कार्ट्रिजमध्ये असेल तर आधी कार्ट्रिजमधून काढावी लागते.

एक सवय लावून घ्या: डिस्कवरून थेट इम्पोर्ट करायचं नाही, आधी तिची आयएसओ इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलीतली नक्कल, हार्डडिस्कवर उतरवायची. विंडोजवर इमजीबर्नमधला ‘क्रिएट इमेज फाइल फ्रॉम डिस्क’ हा पर्याय पुरतो. सॉफ्टवेअर जुनं आहे (२.५.८.० ही आवृत्ती २०१३ची), इन्स्टॉल करताना प्रत्येक टिक वाचा, नको ते सोबत येऊ शकतं. दुप्पट वेगाने पूर्ण भरलेली डिस्क नऊएक मिनिटांत उतरते. अर्धा तास लागतोय आणि ड्राइव्ह गुरगुरतोय, तर डिस्क खराब होत चालली आहे. मऊ कापडाने मधून कडेकडे पुसा, गोल गोल नको. तरी जमलं नाही तर लिनक्सवरचा डीडीरेस्क्यू वापरा. तो सुखरूप भाग आधी उचलतो आणि अडलेल्या जागी नंतर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. वाटेत थांबवलं तर लॉग फाइलवरून तिथूनच पुढे सुरू होतो. दुसऱ्या ड्राइव्हमध्ये डिस्क घालून तीच लॉग फाइल दिली, तर पहिल्याला न वाचलेला भाग कधी कधी दुसरा वाचतो.

मेकएमकेव्ही: एक सापळा सोडला तर निर्दोष

आयएसओ उघडा, टायटल निवडा, ‘मेक एमकेव्ही’ दाबा. इतकंच. चित्र-आवाजाला हात न लावता तो फक्त डबा, म्हणजे फाइलचं बाहेरचं वेष्टन, बदलतो, म्हणून १.४ जीबीची डिस्क काही मिनिटांत जवळपास तेवढ्याच आकाराची एमकेव्ही होते. डीव्हीडीसाठी तो फुकट आहे. परवान्याचा प्रश्न ब्लू-रेपुरता.

व्हीओबी नुसत्या ओढून एडिटरमध्ये टाकण्यापेक्षा हे बरं का? दोन कारणं. डीव्हीडीच्या नियमाप्रमाणे एक व्हीओबी १ जीबीच्या वर जात नाही, म्हणून भरलेल्या डिस्कचे दोन तुकडे होतात आणि कात्री कुठेही, अगदी वाक्याच्या मध्येही पडते. दोन तुकडे टाइमलाइनवर शेजारी ठेवले की सांध्यावर आवाज अडखळतो. दुसरं कारण जास्त त्रासाचं आहे. रेकॉर्डिंग थांबवून पुन्हा सुरू केलं की फाइलमधलं घड्याळ पुन्हा शून्यावर येऊ शकतं. व्हीओबीचं नाव बदलून एमपीजी केलं तर फाइल उघडते खरी, पण अर्ध्या तासाची लांबी सात मिनिटं दिसते, मधल्या जागी उडी मारता येत नाही आणि आवाज हळूहळू ओठांच्या पुढे जातो. मेकएमकेव्ही आयएफओ वाचून ही घड्याळं एका ओळीत लावून देतो. नाव बदलण्याची युक्ती एकाच सलग शॉटच्या डिस्कला चालते, बाकीच्यांना नाही.

आता सापळा. डिस्क उघडल्यावर खाली एक ओळ येते: अमुक टायटलची लांबी ४५ सेकंद, किमान मर्यादा १२० सेकंद, म्हणून वगळलं. ही मर्यादा सिनेमाच्या डिस्कमधल्या जाहिराती गाळण्यासाठी ठेवलेली आहे. घरगुती डिस्कवर बाळाचं पहिलं पाऊल ४५ सेकंदांचंच असतं. ‘व्ह्यू’ मेनूतून ‘प्रेफरन्सेस’, त्यात ‘व्हिडिओ’ टॅब, तिथे किमान लांबी ० करा आणि डिस्क पुन्हा उघडा. हे न केल्यामुळे डिस्क खराब आहे असा समज करून घेतलेले लोक कमी नाहीत. (हँडब्रेकमध्येही हीच भानगड आहे, पण तिथली मर्यादा १० सेकंदांची.)

एमकेव्हीटूलनिक्स: या सगळ्यातलं दुर्लक्षित रत्न

असे कॅमेरे सहसा प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला चॅप्टरची खूण टाकतात आणि मेकएमकेव्ही त्या खुणा जपून ठेवतो. एमकेव्हीटूलनिक्समध्ये फाइल टाका, ‘आउटपुट’ टॅबवर ‘स्प्लिट मोड’मध्ये ‘बिफोर चॅप्टर्स’ निवडा, खालच्या रकान्यात ‘ऑल’ लिहा आणि मल्टिप्लेक्सिंग सुरू करा. मिनिटाभरात प्रत्येक शॉटची वेगळी फाइल तयार. नवा शॉट कीफ्रेमनेच (पूर्ण साठवलेल्या चित्राने) सुरू होतो, त्यामुळे काप अचूक बसतो आणि दर्जा तसूभरही उतरत नाही. पुढे चाळीस फाइलींतून हव्या त्या दहा उचलणं हे टाइमलाइनवर अर्धा तास घासत बसण्यापेक्षा कितीतरी सोपं.

लॉसलेसकटही हेच करतो. चॅप्टर असलेली फाइल उघडली की ते तुकडे म्हणून घ्यायचे का, असं तो स्वतःच विचारतो. दिसायला तो जास्त सुटसुटीत आहे आणि नको असलेले तुकडे डोळ्यांसमोर टाकून देता येतात. मात्र शॉटच्या मध्ये कापायला गेलात तर तो जवळच्या कीफ्रेमवर सरकतो. पाल डीव्हीडीत कीफ्रेमचं अंतर जास्तीत जास्त १५ फ्रेम, म्हणजे सहा दशांश सेकंद. भाषणाचं टोक छाटायला पुरे, संगीताच्या ठेक्यावर कापायला नाही.

शॉटकट: एडिटिंगसाठी पसंती, दोन अटींवर

एमपीईजी-२, डॉल्बी, एमकेव्ही, सगळं तो निमूटपणे उघडतो. कोडेक शोधत फिरावं लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण पहिली अट: क्लिप आणण्याआधी नव्या प्रोजेक्टचा व्हिडिओ मोड स्वतः निवडा. जुनं चौकोनी शूटिंग असेल तर ‘एसडी पाल’, रुंद असेल तर पालचा वाइडस्क्रीन मोड. तो ‘ऑटोमॅटिक’ ठेवला तर पहिल्या क्लिपचा मोड सगळ्या प्रोजेक्टला लागतो. पहिली क्लिप मोबाइलची असेल तर डिस्कवरचं शूटिंग ताणून हाय डेफिनिशनमध्ये बसवलं जातं.

दुसरी अट: आकार आणि इंटरलेसिंग तपासा. या फाइलीतले पिक्सेल चौकोनी नसतात. ७२० बाय ५७६चं चित्र पडद्यावर ७६८ बाय ५७६ एवढं, रुंद असेल तर १०२४ बाय ५७६ एवढं दिसायला हवं. माणसं उंच आणि बारीक दिसली की समजा, रुंद शूटिंग चौकोनी म्हणून वाचलं गेलंय. क्लिप निवडून ‘प्रॉपर्टीज’मध्ये गुणोत्तर १६:९ करा. तिथेच ‘स्कॅन मोड’ आहे. तो ‘टॉप फील्ड फर्स्ट’ असायला हवा. कॅसेटवाल्या डीव्ही कॅमेऱ्यांत हे उलटं, ‘बॉटम फील्ड’ असतं, त्यामुळे दोन्ही प्रकारचं जुनं सामान एकत्र करणाऱ्यांनी विशेष बघावं. क्रम चुकला की मिरवणुकीतल्या लेझीमवाल्यांचे हात पुढे जाताना मागे झटके खातात. नुसते कंगव्याचे दात दिसत असतील तर क्रम बरोबर आहे, फक्त डी-इंटरलेस करायचं, म्हणजे फील्डपासून एकसंध फ्रेम बनवायचं राहिलंय. ते एक्सपोर्ट करताना ‘अॅडव्हान्स्ड’मध्ये करता येतं. उपलब्ध पर्यायांत बीडब्ल्यूडीआयएफ सर्वांत स्वच्छ. यादीतला ‘वन फील्ड’ टाळा, तो अर्ध्या ओळी फेकूनच देतो.

शॉटकटची कमजोरी म्हणजे मदतीची भाषा आणि मांडणी. खिडक्या कुठे गेल्या ते पहिल्या दिवशी कळत नाही. घरगुती कामाला मात्र पुरून उरतो.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या डिस्क तिकडच्या एनटीएससी या टीव्ही पद्धतीच्या असतात: ७२० बाय ४८०, सेकंदाला २९.९७ फ्रेम. त्या पालच्या प्रोजेक्टमध्ये मिसळल्या की कॅमेरा आडवा फिरताना चित्र ठेचकाळतं. त्यांचं प्रोजेक्ट वेगळंच करा.

हँडब्रेक, शेवटच्या पायरीवर

एडिट केलेली फाइल लहान करायला याच्यासारखा दुसरा नाही. स्टँडर्ड डेफिनिशनसाठी क्वालिटीचा आकडा आरएफ १८ ते २० ठेवा. एडिट करायचंच नाही, अख्खी डिस्क मोबाइलवर बघण्याजोगी करायची आहे, तर आयएसओ थेट हँडब्रेकमध्ये घालायला हरकत नाही. पण तयार प्रीसेट डोळे झाकून घेऊ नका. त्यात सेकंदाच्या ५० फील्डच्या २५ फ्रेम होतात, हालचालीतली निम्मी लवचिकता जाते आणि व्हिडिओचा जिवंतपणा हरवतो. ‘फिल्टर्स’मध्ये डी-इंटरलेससाठी बीडब्ल्यूडीआयएफ निवडून प्रीसेट ‘बॉब’ करा आणि ‘व्हिडिओ’ टॅबवर फ्रेमरेट ५०, कॉन्स्टंट. फरक धावणाऱ्या मुलांच्या शूटिंगमध्ये लगेच दिसतो.

व्हीआर डिस्कचं वेगळं प्रकरण

डीव्हीडी-आरडब्ल्यू आणि रॅमवर ही पद्धत जास्त दिसते, कारण तीत कॅमेऱ्यातच शॉट पुसता आणि हलवता यायचे. वर सांगितलेला मेकएमकेव्हीचा रस्ता इथे उपयोगाचा नाही. व्हीआरओ फाइलचं नाव एमपीजी केलं तर व्हीएलसीत चालते, पण वेगवेगळ्या दिवसांचं सगळं रेकॉर्डिंग एकाच फाइलीत एकामागे एक कोंबलेलं असतं आणि घड्याळाचा गोंधळ वर सांगितला तसाच.

लिनक्सवर डीव्हीडी-व्हीआर नावाचं छोटंसं मुक्त सॉफ्टवेअर आहे. आयएफओ आणि व्हीआरओ या दोन फाइली त्याला दिल्या की तो प्रत्येक रेकॉर्डिंग वेगळं करतो आणि फाइलला शूटिंगची तारीख-वेळ हेच नाव देतो. कुठली डिस्क बारशाची आणि कुठली गृहप्रवेशाची, हे विसरलेल्या घरात ही तारीख सोन्याची. पण ती माहिती आयएफओत असते. ‘मोठी फाइल तेवढी घेऊ’ म्हणून फक्त व्हीआरओ कॉपी करून डिस्क टाकून दिली, तर तारखा गेल्या. कमांड लाइनवर काम करावं लागतं, बटणं नाहीत. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून तासाभरात पाच-सहा डिस्क उरकता येतात.

बाकीचे, थोडक्यात

अॅव्हिडेमक्स: क्रमांकाने नाव असलेली पहिली व्हीओबी उघडली की पुढच्याही जोडू का, असं विचारतो. कॉपी मोडवर ठेवून सेव्ह केलं तर दर्जा तसाच राहतो. छोट्या काटछाटीला उत्तम, चार ट्रॅकच्या एडिटिंगला नाही.

दाविंची रिझॉल्व्ह: रंग सुधारायला अप्रतिम, पण व्हीओबी टाकली तर मीडिया पूलमध्ये बसत नाही. आधी फाइलचा प्रकार बदलून देणाऱ्या शटर एन्कोडरने प्रोरेस ४२२ (एडिटिंगसाठीचा, मोठ्या फाइलींचा प्रकार) करून घ्यावं लागतं, आवाज न दाबलेल्या पीसीएममध्ये. अर्ध्या तासाला नऊ जीबीच्या आसपास जागा लागते. रंगांचं काम नसेल तर हा व्याप कशाला?

आयमूव्ही: व्हीओबी घेत नाही. मॅकवर पूर्वी एमपीईजी स्ट्रीमक्लिप हा सगळ्यांचा आधार होता, पण ते ३२-बिट सॉफ्टवेअर. २०१९च्या कॅटालिनापासून चालत नाही. जुन्या लेखांत त्याचं नाव दिसलं तर सोडून द्या. शटर एन्कोडर इथेही प्रोरेस करून देतो.

विंडोज मूव्ही मेकर: मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१७मध्ये बंद केला. विंडोज १०वर विंडोजच्याच प्लेअरमध्ये एमपीईजी-२ चालत नसेल, तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून एमपीईजी-२ व्हिडिओ एक्स्टेन्शन फुकट मिळतं.

कॅमेऱ्यासोबत आलेली सीडी, म्हणजे सोनीचा पिक्चर मोशन ब्राउझर किंवा पिक्सेलाचा इमेजमिक्सर, आजच्या विंडोजवर बसवायच्या खटपटीत पडू नका. आणि ‘व्हीओबी कन्व्हर्टर’ म्हणून विकली जाणारी, फुकट आवृत्तीत चित्रावर मधोमध शिक्का मारणारी सॉफ्टवेअरं तर अजिबात नकोत. घरगुती डिस्कला कॉपी प्रोटेक्शन नसतं, त्यामुळे ते तोडून देण्याच्या नावाखाली पैसे मागणाऱ्याला काहीच द्यायचं नसतं.

एव्हीसीएचडीची डिस्क असेल तर

सोनीने २००६मध्ये एचडीआर-यूएक्स१ आणला, तेव्हापासून त्याच छोट्या डीव्हीडीवर हाय डेफिनिशन शूटिंगही मिळतं. इथे काम सगळ्यात सोपं: ‘बीडीएमव्ही’ फोल्डर जसंच्या तसं पूर्ण कॉपी करा, त्यातल्या ‘स्ट्रीम’मधल्या फाइली शॉटकटमध्ये टाका, प्रोजेक्ट १०८०चं ठेवा. फक्त डिस्क बाहेरून साध्या डीव्हीडीसारखीच दिसते, म्हणून तिच्यावर मार्करने लगेच लिहून ठेवा. साध्या डीव्हीडी प्लेअरमध्ये घातली तर ती आत अडकू शकते, आणि रेकॉर्डरमध्ये घातली तर न विचारता पुसलीही जाऊ शकते.